थायरॉईड, व्हिडिओ कॉल आणि चार महिन्यांत चार डोस

देवरुखच्या एका शिक्षिकेचं पत्र, थोडक्यात:

"वय ३८, वजन ५६ किलो. हाशिमोटोमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार) सहा वर्षांपासून हायपोथायरॉईड आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते. थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) ७५ मायक्रोग्रॅमवर सगळं छान चाललं होतं. पुण्याला जाण्या-येण्यात दोन रजा जातात, म्हणून गेल्या वर्षापासून तिथल्या एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ, डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवते. जानेवारीत टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडला की वाढतो आणि जास्त झाला की उतरतो तो रक्तातला आकडा) ८.४ आला, गोळी १०० केली. वीस दिवसांनी ५.९, गोळी १२५. पाच आठवड्यांनी ०.२८ (हे रक्त शाळेतून आल्यावर साडेचारला घरीच दिलं, आधीची दोन्ही सकाळी), फ्री टी४ (रक्तातला मोकळा थायरॉईड हार्मोन) वाढलेला आणि छातीत धडधड, म्हणून परत ७५. आता चार आठवड्यांनी ६.८ आणि डॉक्टर म्हणतात ८८ करू. डिसेंबरपासून हिमोग्लोबिन ९.२ म्हणून लोह आणि कॅल्शियम घेते, फेब्रुवारीपासून केसांच्या गोळ्याही. थायरॉईडची गोळी चहाच्या पाच-दहा मिनिटं आधी घेते, बाकीच्या नाश्त्यानंतर. डॉक्टर चांगले आहेत, पण कॉल चार मिनिटांत संपतो आणि वर्षभरात मान कुणी बघितलेली नाही. व्हिडिओवर थायरॉईडचा इलाज नीट होतो का, की दर वेळी पुण्यालाच जावं? आणखी एक: सासूबाई ७२ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. फुल बॉडी पॅकेजमध्ये त्यांचा टीएसएच ६.१ आला, फ्री टी४ नॉर्मल. एका ॲपवरच्या डॉक्टरांनी चॅटवरच ५० ची गोळी सुरू केली. आज बारा दिवस झाले, रात्री धडधडतं म्हणतात."

ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण तुमचं महिनाभर थांबलं तरी चालेल, त्यांचं थांबणार नाही.

ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन लावा आणि दोनच गोष्टी सांगा: १२ दिवसांपूर्वी थायरॉक्सिन ५० सुरू झालं आहे आणि रात्री धडधड होते. फोन लागेपर्यंत उद्याची गोळी राहिली तर बिघडत नाही, या गोळीचा अंमल बरेच दिवस टिकतो. छातीत दुखलं, दम लागला, दरदरून घाम आला किंवा चक्कर आली तर फोन-व्हिडिओच्या भानगडीत न पडता १०८ ला बोलवा. आज-उद्यात देवरुखमध्येच ईसीजी काढून घ्या. निवांत बसलेलं असताना नाडी पूर्ण मिनिटभर मोजा आणि ठोके सारखे पडतात की मधेच चुकतात तेही बघा.

हृदयाचा आजार असलेल्या वयस्कर माणसाला थायरॉक्सिन द्यायचंच असेल तर साडेबारा किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. एकदम ५० देत नाहीत. त्याहून मोठा प्रश्न असा की त्यांना ती गोळी लागत होती का. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. सत्तरीनंतर ६.१ टीएसएच, फ्री टी४ नॉर्मल आणि ठळक तक्रार नाही, अशा वेळी बहुतेक डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी तपासणी परत करतात. अनेकदा आकडा आपोआप खाली आलेला असतो. नुकताच ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर टीएसएच तात्पुरता वाढतो, हे चॅटवर कुणी विचारलं नसणार.

टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन, व्हिडिओ किंवा चॅटवरून उपचार करण्याचे नियम २५ मार्च २०२० ला आले. त्यांनुसार डॉक्टर आणि रुग्णाची ही पहिलीच गाठ असेल तर चॅटवर फक्त चिठ्ठीविना मिळणारी साधी औषधं सुचवता येतात. त्यापुढच्या औषधासाठी पहिली भेट निदान व्हिडिओवर तरी हवी. प्रत्यक्ष भेटीला सहा महिन्यांहून जास्त काळ झाला असेल तर पुढची भेटही पहिलीच धरतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येतो. सासूबाईंची चिठ्ठी काढून हा क्रमांक आहे का ते बघा आणि ती चिठ्ठी हृदयरोगतज्ज्ञांना पाठवून द्या.

आता तुमचं. व्हिडिओवर थायरॉईडचा इलाज होतो आणि बऱ्याच आजारांपेक्षा चांगला होतो. निदान झालेल्या हायपोथायरॉईडमध्ये डोस ठरतो तो रक्ताच्या आकड्यावर, वजनावर आणि तुम्ही काय सांगता त्यावर, आणि हे तिन्ही फोनवरून पाठवता येतं. अडतं ते एका जागी. समोर बसलेल्या डॉक्टरांना पर्समधली केसांच्या गोळ्यांची बाटली दिसते, हात हातात घेतला की नाडी लागते, बोलता बोलता चहाचा विषय निघतो. चार मिनिटांच्या कॉलमध्ये स्क्रीनवर नुसता ८.४ येतो. तुमचे चार डोस बदलले त्याला अंतर कारणीभूत नाही. आकड्यासोबत त्याची हकीकत गेली नाही, हे कारण आहे.

ती हकीकत तुमच्या पत्रातच आहे. सहा वर्षं ७५ वर बरं चाललं होतं, डिसेंबरमध्ये लोह आणि कॅल्शियम सुरू झालं आणि जानेवारीत टीएसएच चढला. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि गोळीचा काही भाग रक्तात जातच नाही. म्हणून थायरॉईडची गोळी आणि या दोन्हींत किमान चार तासांचं अंतर लागतं. तुमच्याकडे ते जेमतेम तासाभराचं दिसतं. त्यात पाच-दहा मिनिटांनी दुधाचा चहा. बाटलीवर ७५ लिहिलेलं असलं तरी रक्तात त्याहून कमीच पोचत होतं.

मग १०० केली, इथवर समजण्यासारखं आहे. पण तपासणी विसाव्या दिवशी झाली. थायरॉक्सिनची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस अंगात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून येतो. ८.४ वरून ५.९ म्हणजे आकडा खाली यायला लागलाच होता. दूध तापत असताना दर मिनिटाला आच वाढवली की ते उतू जातं, तसं झालं. ५६ किलोला पूर्ण डोस, म्हणजे ग्रंथी अजिबात काम करत नसेल तर लागणारा, किलोमागे १.६ मायक्रोग्रॅमप्रमाणे सुमारे ९० होतो. हाशिमोटोमध्ये ग्रंथी बहुधा थोडंफार काम करत असते. तेव्हा १२५ तुम्हाला जास्त झाला असण्याची दाट शक्यता आहे.

दाट शक्यता म्हटलं, खात्रीने नाही. कारण तोवर केसांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांत बहुतेकदा बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पाच किंवा दहा मिलिग्रॅम. अनेक लॅबमध्ये टीएसएच ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात बायोटिनचाच वापर असतो, आणि रक्तात बायोटिन भरपूर असलं की यंत्राची फसगत होते: टीएसएच खोटाच कमी दिसतो, फ्री टी४ खोटाच जास्त. म्हणजे हुबेहूब तुमचा मार्चचा रिपोर्ट. धडधड होती म्हणून तो थोडा खरा असेलही, पण किती खरा आणि किती बायोटिनचा हे आता कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय ते रक्त तुम्ही शाळेतून आल्यावर, साडेचारला घरी बोलावून दिलेलं, आणि आधीचे दोन नमुने सकाळचे. टीएसएच रात्री आणि पहाटे वर असतो आणि दुपारी उतरतो. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा शेजारी ठेवून डोस ठरवायचा नसतो.

आता ८८ घ्यायची का? डॉक्टरांनी सुचवलेला आकडा चुकीचा नाही, वजनाच्या हिशेबात बसतो. पण त्यांच्यासमोर लोह, चहा आणि केसांच्या गोळ्या आल्याच नव्हत्या. गोळी घेण्याची पद्धत सुधारली की ७५ चाच परिणाम वाढणार, त्यात डोसही वाढवला तर परत ०.२८ च्या वाटेला लागाल. दोन्ही बदल एकदम नकोत. म्हणून त्यांना सगळं लिहून पाठवा आणि विचारा: "आधी ७५ वर राहून वेळा नीट करू आणि सहा-आठ आठवड्यांनी तपासू, असं चालेल का?" तुमच्या वयात ६.८ घेऊन सहा-आठ आठवडे काढण्यात धोका नसतो, अपवाद दिवस राहिले असतील किंवा ठेवायचे असतील तर, त्याचं पुढे सांगते. शेवटी निर्णय त्यांचा. आमच्या मते विचारण्यासारखा प्रश्न मात्र हाच आहे.

वेळापत्रक तुमच्या शाळेच्या हिशेबाने असं बसतं. उठल्यावर सहाला थायरॉक्सिन, घोटभर नाही, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध किंवा गरम पाणी-लिंबू-मध, जे काही असेल ते सात वाजता. तासभर जमत नसेल तर अर्धा तास तरी, पण रोज तेवढाच. अंतर एक दिवस अर्धा तास आणि एक दिवस पाच मिनिटं असलं की आकडे नाचतात. कॅल्शियम दुपारी डब्याबरोबर, लोह रात्री जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांजवळ नकोत आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. झोपताना थायरॉक्सिन घेण्याची पद्धतही आहे, जेवणानंतर तीन तासांनी, पण तुमचं लोह रात्री असल्यामुळे ती तुम्हाला जमायची नाही. पित्तासाठी पॅन्टोप्रॅझोलसारखं काही अधूनमधून घेत असाल तर तेही सांगा, पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी कमी शोषली जाते. आणि एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवण येईल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या आणि कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा. त्या फुल्या पुढे कामाला येतात.

रक्त द्यायचं ते एकाच लॅबला, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. आधी घेतली तर फ्री टी४ काही तास उगाच वर दिसतो. बायोटिन निदान दोन दिवस आधी बंद हवं. तुमच्या बाटलीवर दहा मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल तर आठवडाभर बंद ठेवा. तसंही टीएसएच ताळ्यावर येऊन हिमोग्लोबिन सुधारलं की केस गळणं बहुधा कमी होतं, त्या गोळ्यांची गरज उरेल असं वाटत नाही. टीएसएच आणि फ्री टी४ एवढं पुरतं. पॅकेजमध्ये एकूण टी३, एकूण टी४ आणि अँटी-टीपीओ (हाशिमोटो ओळखण्याची अँटीबॉडी तपासणी) दर वेळी घुसवतात. हाशिमोटो एकदा ठरल्यावर अँटी-टीपीओ परत परत करून डोस ठरवायला काही मदत होत नाही, ते पैसे वाचवा.

मानेचं तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. मान व्हिडिओवर चाचपता येत नाही. पण थोडं दाखवता येतं. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड समोरून मानेवर पडला पाहिजे. फोन दुसऱ्याच्या हातात, गळ्याच्या उंचीवर. मंगळसूत्र, ओढणी बाजूला. हनुवटी जराशी वर करा, तोंडात पाण्याचा घोट धरा आणि कॅमेरा सुरू झाल्यावर गिळा. एकदा समोरून, एकदा दोन्ही बाजूंनी, दहा-दहा सेकंद. गिळताना कंठमण्याच्या खाली काही वर-खाली सरकताना दिसलं तर ते थायरॉईडचं असू शकतं आणि मग सोनोग्राफी लागते. काहीच दिसलं नाही म्हणजे गाठ नाही असं मात्र नाही, लहान गाठ डोळ्याला दिसत नाही.

म्हणून वर्षातून एकदा कुणाचा तरी हात मानेवर फिरलाच पाहिजे, आणि त्यासाठी पुणंच गाठायला हवं असं नाही. रत्नागिरी किंवा कोल्हापूरचे एमडी फिजिशियन मान, नाडी, डोळे, पायांवरची सूज बघून चार ओळी लिहून देतील, त्याचा फोटो पुण्याला पाठवायचा. मे महिन्याच्या सुट्टीत हे एक काम उरका. तोवर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर ते बीपी, वजन, नाडी नोंदवून देतील. तिथून ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर मोफत तज्ज्ञ डॉक्टरांशीही जोडून देतात. तुम्ही प्रत्यक्ष भेट मागितलीत तर डॉक्टरांनी व्हिडिओचाच आग्रह धरायचा नाही, हेही त्या २०२० च्या नियमांत आहे. मागायला संकोचू नका.

वर्षाची वाट न बघता जायचं कधी? गळ्यात नवी गाठ लागली, असलेली झपाट्याने वाढली, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, गिळायला किंवा श्वासाला अडथळा होतो, डोळे बटबटीत झाले, दुखतात किंवा एकाचे दोन दिसतात, किंवा निवांत बसून नाडी शंभरच्या वर राहते, तर पुढच्या कॉलची तारीख धरून बसू नका. वाचकांपैकी जे हायपरथायरॉईडसाठी, म्हणजे ग्रंथी जास्त काम करते म्हणून, कार्बिमाझोल घेतात त्यांनी एवढं पाठच करावं: ताप आला, घसा दुखायला लागला किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी एकदम पाडतं. डॉक्टरांना मेसेज करून दोन निळ्या टिक्स कधी येतात बघत बसण्याची ती वेळ नव्हे.

आणि तुमच्यासाठी, पाळी चुकली तर. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज पहिल्या आठवड्यांतच वाढते, आणि सुरुवातीला बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली की आठवड्याला दोन गोळ्या जादा, म्हणजे सातऐवजी नऊ, आणि लगेच टीएसएच, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पुढे गरोदरपणाचे निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. मूल हवं असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून ही सूचना आत्ताच चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे त्या दिवशी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आठवडा वाया जाणार नाही.

आता त्या चार मिनिटांचं. कॉल सुरू झाल्यावर सांगू म्हणाल तर निम्मं राहतं. आदल्या दिवशी असा मेसेज करा:

"वय ३८, वजन ५६. थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, ८ मार्चपासून. १५ एप्रिलपासून गोळी रोज सहाला पाण्याबरोबर, चहा सातला. त्यात २ दिवस चुकले. कॅल्शियम दुपारी दीडला, लोह रात्री साडेनऊला. बायोटिन २० एप्रिलपासून बंद. रक्त १ जूनला सकाळी ७.४० ला, गोळीआधी, नेहमीच्याच लॅबमध्ये. नाडी बसून तीन दिवस: ७२, ७४, ७०. बीपी ११८/७६. शेवटची पाळी १४ दिवसांपूर्वी. धडधड नाही, थकवा थोडा. मानेचा व्हिडिओ आणि आधीचे चार रिपोर्ट सोबत. प्रश्न एकच: डोस हाच ठेवायचा का, आणि पुढची तपासणी कधी?"

यातले आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भरा. नाडी सकाळी चहाआधी, पाच मिनिटं बसून, पूर्ण साठ सेकंद मोजा. डोस लिहिताना मायक्रोग्रॅम असं अक्षरात लिहा. ॲपच्या फॉर्मवर पुष्कळदा मिलिग्रॅमचा रकाना असतो, आणि १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. कॉल संपण्याआधी डोस आणि पुढच्या रक्ताची तारीख तोंडाने परत म्हणून दाखवा. तीन आठवड्यांनंतरचीच तारीख दिली तर विचारा, "सहा आठवडे होऊ द्यायचे का?" कुठलेही चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

एक शेवटचं, घरातल्या बाटल्यांचं. तुमच्याकडे आत्ता ७५, १०० आणि १२५ अशा तीन अर्धवट बाटल्या असणार, आणि सासूबाईंची ५० ची चौथी. एकाच कंपनीच्या या बाटल्या दिसायला जवळजवळ सारख्या असतात. चालू आहे तेवढी एकच बाहेर ठेवा, झाकणावर मोठ्या अक्षरात नाव आणि डोस लिहून. बाकीच्या चिकटपट्टी लावून कपाटात वर. ब्रँड बदलू नका; दुकानदाराने दुसरा दिला तर ती तारीख लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तपासा. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका, आणि बाटली ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका. पावसाळ्यात देवरुखची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दमट झालेली गोळी कमी काम करते, आणि पुण्याला बसलेल्या डॉक्टरांना नुसता चढलेला टीएसएच दिसतो.